नाचणारा थांबेपर्यंत

नव्वदच्या दशकात सांगलीतल्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवण्याआधी मी वडूजकडच्या वरातींत ताशा वाजवायचो. तिथं नियम एकच, शेवटचा माणूस नाचायचा थांबेपर्यंत हात थांबवायचा नाही.

कॉलेजच्या गॅदरिंगमधला पहिला कार्यक्रम जमला, तरच मी बँडमध्ये राहणार होतो. गाणं संपलं, गिटार थांबली, पण समोर एकजण नाचत होता. मी वाजवतच राहिलो.

"आरं, गाणं संपलं की," गायक कानाशी येऊन म्हणाला.

"त्यो नाचतोय न्हवं अजून."

शेवटी नाचणाराच दमून खाली बसला.

गायकानं मला ठेवून घेतलं, पण पुढच्या वेळेपासून ड्रम बरोबर स्वतःच्या पाठीमागं मांडायला लावले. आठ वर्षं गाणी वेळेवर संपली. समोर कुणी नाचत होतं का, ते मात्र मला कधी दिसलं नाही.