मी कापलेलं गाव

आमचं गाव दोनदा गेलं. पहिल्यांदा भूकंपात. दुसऱ्यांदा सकाळी साडेदहा वाजता, लातूरच्या राहत्या घरी, माझ्या हातून.

मुलगी सानिका नांदेडला भूगोलात एम.एस्सी. करत होती. प्रकल्पाचा विषय: भूकंपात पडलेल्या आमच्या जुन्या गावठाणात आज काय उरलं आहे. अहवाल त्याच संध्याकाळी पाचच्या आत नांदेडला द्यायचा. चुकला तर वर्ष वाया! घरी आलेली ती शेवटचं प्रकरण टाइप करत होती, म्हणून एक काम माझ्याकडे आलं.

"बाबा, उपग्रहाच्या चित्रावर गावाची हद्द आखा अन् बाहेरचं सगळं कापा. जमंल ना?"

जमेल ना? वर्तमानपत्रात वीस वर्षं फोटो कापत होतो! (मंत्र्यांच्या शेजारचे अर्धे कार्यकर्ते मीच उडवलेत.) सरळ रस्ते, सारखी घरं: पुनर्वसनाचं गाव पडद्यावर लगेच सापडलं. त्याभोवती हद्द आखली, बटण दाबलं. पलीकडचा झाडोरा गेला. मूळ चित्र जागा अडवत होतं, तेही पुसलं.

झेरॉक्सच्या दुकानात क्लासच्या पोरांची ही गर्दी! नांदेडची एसटी साडेबाराची. पहिली प्रत हातात आली तेव्हा अकरा पन्नास झाले होते. सोबत आलेल्या माझ्या वडिलांनी, अण्णांनी, नकाशा डोळ्यांजवळ धरला.

"आपली हीर कुठं हाय रं?"

"विहीर हद्दीबाहेर गेली, अण्णा."

सानिका पांढरी पडली. "बाबा! जुनं गाव कुठंय?"

"झाडंच होती तिथं..."

"माझा विषयच त्यो हाय! मूळ चित्र?"

मी लॅपटॉप पुढे केला. तिने तो उघडला. चित्र कचरापेटीत सापडलं. (पेटी रिकामी करण्याचा आळस केला, एवढीच माझी पुण्याई.)

"पोरांनो, सरका!" अण्णा गरजले. "ह्या शहाण्यानं आख्खं गाव कापलंय!"

"आजोबा, दोनला टेस्ट हाय आमची," एक मुलगी म्हणाली. मग तिने पडद्याकडे पाहिलं. "असू द्या. तुम्ही घ्या आधी."

झाडोऱ्यातल्या एका काळ्या ठिपक्यावर अण्णांनी बोट टेकवलं. "ही हीर. हितं मारुती. ह्यो वढा. घे आत." बोट सरकेल तशी सानिका हद्द आखत गेली.

एसटी हलताना ती चढली. अहवाल पोचला पावणेपाचला.

दुसऱ्या दिवशी भूकंपाच्या स्मृतिदिनाच्या पुरवणीत माझा लेख होता. शीर्षक मीच दिलेलं: 'गाव पुसता येत नाही'. अण्णांनी तो मोठ्यानं वाचला. दोनदा.