पुतळाच्या होडीवरचा रंग

करावे गावात गोटीरामच्या हीट गनला जेवढा मान आहे, तेवढा नगरसेवकालाही नसेल. महाप्याच्या कारखान्यात केबलींवर प्लास्टिकचं आवरण बसवण्यात त्याची अख्खी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर त्याने तिथे वापरायचा तशीच गरम हवा फेकणारी एक गन स्वतःसाठी घेतली आणि गावभर तिचे प्रयोग सुरू केले. कुणाच्या फ्रिजचं रबर वाकडं होऊन दार लागेनासं झालं की हा हवा मारून ते मऊ करणार आणि बोटांनी सरळ बसवणार. नळावर चढत नसलेला पाइप, कपाटाचा सुटलेला सनमायका, नव्या डब्यावरचं चिवट स्टिकर, सगळ्या रोगांवर एकच औषध. "बाबा, एक दिवस भाकरीपन हिच्यावरच भाजाल," असं त्याची सून भाविका म्हणायची.

एका घराची पायरी मात्र तो चढत नसे, चुलतभाऊ दिनानाथच्या. गोटीरामच्या आईने, पुतळाने, नवऱ्यामागे अंगावरचं सोनं मोडून होडी बांधून घेतली होती आणि सुताराकडून तिच्यावर आपलं नाव कोरून घेतलं होतं. पोरगा कारखान्यात लागला तशी तिने होडी पुतण्याला, दिनानाथला, वापरायला दिली. पुतण्याने ती वापरली आणि एका नारळी पुनवेला तिच्यावर नवा रंग चढवून आपल्या बायकोचं नाव घातलं, 'ईश्वरी'. म्हातारी विचारायला गेली तेव्हा दिनानाथ चारचौघांत हसून म्हणाला, "कंची होरी, काकी? तुला आता डोल्यांनी दिसत नाय." पुतळा त्या हसण्यानेच खचली आणि पुढे फार जगली नाही. गोटीरामने तेव्हापासून डूख धरला होता.

पुढे दिनानाथ बिल्डर झाला. बंगल्याच्या फाटकापाशी चौथरा बांधून त्याने ती होडी शोभेला ठेवली, वर दिव्यांच्या माळा सोडल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या बापाची मेहनत." गोटीराम रोज त्याच रस्त्याने दूध आणायला जायचा आणि रोज त्याचा तिळपापड व्हायचा.

दिनानाथच्या पोराचं, प्रीतमचं लग्न ठरलं आणि नेमके उन्हाने होडीच्या रंगाला फुगे आले. पेंटर म्हणाला, घासलं तर लाकूड ओरबाडेल, तुमच्या गावातल्या त्या गनवाल्याला बोलवा. म्हणून दिनानाथ स्वतः गोटीरामच्या दारात आला.

"गोट्या, झाला गेला सोर. पोराची हलद हाय. तेवरा रंग उतरून दे, पेंटर मागून नवा मारंल."

गोटीरामला आतून आनंदाची उकळी फुटली होती. त्याने चेहरा सरळ ठेवला. "हलदीच्या दिवशी दुपारी येतो," एवढंच म्हणाला.

खाडीकाठच्या या गावात होडीवर कोरलेलं नाव कुणी खरवडून काढत नाही. काढलं तर घरातल्या माणसावर येतं, अशी धास्ती. नाव बदलायचंच तर वरून रंग देतात. दिनानाथनेही त्या वेळी कोरलेल्या अक्षरांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग दिला होता, आणि इतक्या वर्षांत ते साफ विसरला होता. गोटीराम विसरला नव्हता.

हळदीला पाहुणे जमू लागले तसं त्याने गन सुरू केली. घाई केली नाही. हवा फिरवत राहिला, रंग फुगला की बोथट पत्र्याने अलगद उचलायचा. 'ईश्वरी' सालीसारखी सुटून खाली पडली तेव्हा त्याने ती खुशीत पायाने बाजूला सारली. मग निळा थर गेला, हिरवा गेला. अक्षरांतली लांबी मऊ झाली, ती त्याने काडीने कोरून काढली. पु, त, ळा.

"अगो बाय!" मांडवातून मुक्ताबाई ओरडली. पुतळाबरोबर तिने जन्मभर बाजारात मासळी विकली होती. "ही तं पुतलाची होरी!"

सगळा मांडव फाटकापाशी गोळा झाला. दिनानाथ धावत आला, त्याचा चेहरा पडला होता. गोटीरामने गन बंद केली आणि हातातला पत्रा त्याच्यापुढे धरला.

"घे. नाव नको आसंल तं खरवर तुज्या हातानं."

दिनानाथने पत्रा घेतला. अंगाला हळद लावलेला प्रीतम समोर उभा होता. पोराकडे बघितलं आणि दिनानाथचा हात पुढे जाईना. पेंटर ब्रश घेऊन पुढे आला, त्यालाही मुक्ताबाईने डोळ्यांनीच मागे सारलं.

गोटीराम गनची वायर गुंडाळत होता. आईने शेवटी शेवटी भिंतीकडे तोंड करून काढलेले दिवस त्याला आठवले आणि त्याला दिनानाथची तिळमात्र कीव आली नाही.

"काका," प्रीतमने विचारलं, "पुतला कोन?"

"तुज्या बापाला इचार," गोटीराम म्हणाला, आणि ऐकायला तिथेच खुर्ची ओढून बसला.