रेंज पाह्यजे का अ‍ॅप

स्वीटी उईकेचा राग वर्ध्याजवळच्या अख्ख्या बोरगाव मेघेला ठाऊक आहे. तिच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कोणी ‘ताई, जरा लवकर’ म्हटलं की ती हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवते, आणि मग बसा तासभर! कॉलेजची पोरं येतात, गेम खेळायला फोनचं सॉफ्टवेअर फोडून मागतात, त्यांना तर ती उभ्या उभ्या हाकलते. ‘बापाच्या जिवावर घेतला फोन, त्याची वाट लावाले माहंच दुकान दिसलं का बे तुले?’ तरी लोक तिच्याकडेच येतात, कारण ज्या फोनापुढे दुसऱ्या दुकानदारांनी हात टेकले तो तिच्याकडे सुरू होतो.

आणि राग का नसावा? स्वीटी मूळची रोहण्याच्या पुढची, जंगलाच्या काठाला असलेल्या एका गोंड वस्तीतली. वस्तीत रेंज नव्हती. टेकडीपलीकडे टॉवर होता, दिसायचा सुद्धा. पण वस्तीत ज्याच्या त्याच्या हातात एकाच बनावटीचा स्वस्तातला फोन, कारण एकानं घेतला म्हणून सगळ्यांनी घेतला. त्या फोनाला तो टॉवर ऐकूच येत नव्हता. फोनात मोडेम म्हणून एक भाग असतो, टॉवरशी बोलणारा. त्यानं कोणता टॉवर ऐकायचा आणि कोणता नाही, हे कंपनी ठरवते. कंपनीनं नेमका तोच कान बंद करून फोन विकलेला. फोन लावायचा तर तलावाच्या पाळीवर चढावं लागायचं, तिथं लांबच्या दुसऱ्या टॉवरची थोडी रेंज यायची.

स्वीटीच्या आईला, सखूला, कपाशीत साप चावला. बाप गोमाजी फोन घेऊन पाळीवर धावला, अ‍ॅम्बुलन्स बोलावून धापा टाकत परत आला, तेव्हा सखू बोलत नव्हती. अ‍ॅम्बुलन्स आली आणि रिकामीच परत गेली.

लोक म्हणाले, नशीब. त्या शब्दानं स्वीटीचं डोकं आजही फिरतं. कसलं डोंबलाचं नशीब? फोन हातात, टॉवर डोळ्यांपुढे, आणि दोघांनी बोलायचं नाही असं कोणीतरी दूर खुर्चीत बसून ठरवलेलं!

पुढे आर्वीला आयटीआय करून ती वर्ध्यात एका दुकानात लागली. मोडेमचं सॉफ्टवेअर बदलून तो बंद कान उघडता येतो, हे तिला तिथं कळलं. शिकताना काही फोन कायमचे मेले, मालकाच्या शिव्या खाल्ल्या, पण शिकली. एका दिवाळीत गावी गेली आणि घरोघरचे फोन गोळा करून सगळ्यांच्या मोडेममध्ये फेरफार करून आली. फोन घरात वाजायला लागले. चुलीपाशी, खाटेवर, गोठ्यात, कुठंही!

आणि वस्तीनं काय केलं म्हणता? तानबा म्हणून एक वडीलधारा आहे, त्याच्या मागं सगळी बायामाणसं टेकडी ओलांडून गेली आणि टॉवरला हळदीकुंकू लावून, नारळ फोडून आली! टॉवरची नजर आपल्या गावावर पडली म्हणे. स्वीटीनं जीव तोडून सांगितलं.

‘अवो, टॉवर तोच हाये. मी तुमचे फोन बदलवले.’

तानबा हसला. ‘रेंज काय फोनात रायते का बाई? बोअरचं पाणी काय मोटरीत रायते?’ आणि प्रसादाचा तुकडा त्यानं तिच्या हातावर ठेवला.

तिनं तो शेळीला घातला आणि पहिल्या बसनं निघून आली. पुन्हा कोणाला समजवायच्या फंदात पडली नाही. तिथंच तिचं चुकलं.

परवा दुपारी वस्तीतल्या आशाताई, यशोदाबाई, दुकानात आल्या. वस्तीतली बाळंतपणं, लसी, तापाच्या गोळ्या, सगळं त्याच पाहतात. स्वभाव असा गरीब की कोंबडी घरात शिरली तरी तिला ‘जा बाई’ म्हणतील. त्यांनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला.

‘स्वीटे, हा अपडेट घेऊनच नाई राह्यला. शेवटपर्यंत जाते अन् लाल अक्षरं दाखवते. दवाखान्याच्या मॅडमनं सांगतलं, कामाचं नवं अ‍ॅप जुन्या सॉफ्टवेअरवर चालत नाई. सोमवारपर्यंत नाई झालं, त माहं काम दुसऱ्या बाईले देतीन.’

स्वीटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अपडेट अडकणारच होता. चढण्याआधी तो फोनाचा भाग न भाग तपासतो, आणि मोडेमला कोणी हात लावलेला दिसला की थांबतो. बळजबरीनं चढवला तर फोनाची ओळखच पुसून जायची, मग इथला टॉवर नाही आणि तिथलाही नाही. मार्ग एकच. मोडेम आधी कंपनीचं होतं तसं करायचं आणि मग अपडेट घ्यायचा. प्रत्येक फोनाच्या मूळ मोडेमची नक्कल स्वीटीनं कम्प्युटरवर जपून ठेवलेली होती. पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीनं फेरफाराची वाटच बुजवून टाकली होती. एकदा अपडेट झाला की तो कान पुन्हा उघडणं नाही.

‘चोट्टे कुठचे!’ तिनं फोन वायरीला लावला. ‘रेंज द्याले जमत नाई. अन् कोणी दिली त थे बंद कराले बरोबर जमते! अन् ह्या मॅडमा! बसल्या जागी सोमवार सांगतेत!’

ती चिडत होती आणि काम करत होती. यशोदाबाई स्टुलावर बसून निवांत चहा पीत होत्या. स्वीटीला वाटलं, आता रेंज जाणार हे मावशीला कळलेलं आहे, बिचारी मनाची तयारी करून आली आहे. मूळ मोडेम चढलं. फोन उठला.

‘झालं पह्यल्यासारखं. आता अपडेट घेईन. दाबू का?’

‘दाब वं माय, मले चारच्या बसनं जाणं हाये. रिंकूचे दिवस भरले. आज-उद्यातच होते पाह्य तिचं. कळा सुरू झाल्या का मी घरातूनच अ‍ॅम्बुलन्सले फोन लावतो. आता काई पाळीवर पळा नाई लागत.’

स्वीटीचं बोट बटणावरच थांबलं.

‘मावशी, घरातून नाई लागणार आता फोन.’

‘काऊन? टॉवर पडला का?’

आता मात्र स्वीटी अशी ओरडली की शेजारचा पानठेलेवाला बाहेर आला. ‘टॉवर, टॉवर, टॉवर! टॉवर नाई वाढला कधीच! रेंज म्या आणली, ह्या फोनात आणली, अन् आता म्याच काढली, तुमच्या त्या मॅडमच्या अ‍ॅपसाठी! कितीदा सांगतलं होतं, बैताडहो!’ मग तिनं एकेक गोष्ट नीट उलगडून सांगितली. कंपनीनं काय बंद केलं होतं, तिनं काय उघडलं होतं, आणि अपडेट झाल्यावर काय कायमचं बंद होणार.

यशोदाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

‘म्हंजे सखूच्या वक्ती हाच टॉवर होता?’

‘हाच.’

‘अन् फोन बी असाच?’

‘असाच.’

सखूचा जीव गेला तो यशोदाबाईंच्या मांडीवर. इतकी वर्षं त्या गोमाजीची समजूत घालत आल्या होत्या की देवानं नेलं, कोणाचा इलाज नव्हता. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. असा चेहरा स्वीटीनं कधी पाहिला नव्हता. त्यांनी फोन ओढून घेतला आणि मॅडमला लावला. मॅडमचं नाव आकांक्षा, वय लहान, बोलणं मऊ.

‘मॅडम, मी अपडेट नाई करत.’

‘अहो ताई, वरून आलंय. सगळ्यांनी केलंय ना.’

‘केलं त माह्या घरी रेंज येत नाई.’

‘मग फोन करायचा असला की थोडं बाहेर जायचं.’

‘थोडं बाहेर?’ यशोदाबाई उठून उभ्याच राहिल्या. ‘थोडं बाहेर म्हंजे कुठं, तुमी पाह्यलं का कधी? अंधारात तलावाची पाळ चढा लागते, मॅडम! चढून उतरेपर्यंत इथं माणूस मरते! मेलं हाये! माह्या मांडीवर मेलं हाये! तुमाले अ‍ॅप पाह्यजे ना? मंग त्याच्यासाठी फोन बी तुमीच धाडा. ह्या फोनाले मी हात लावू देत नाई.’

‘ताई, अशानं तुमचं काम जाईल बरं का. मग मला बोलू नका.’

‘जाऊ द्या! बाळंतपणाले मी अ‍ॅपले इचारून जात नाई.’ आणि त्यांनी फोन बंद केला.

जन्मभर दुसऱ्यांवर ओरडलेल्या स्वीटीनं हळूच विचारलं, ‘मावशी, खरंच काढलं त कामावरून?’

‘काढतीन त काढू दे. रिंकूच्या घरचे मलेच बलावतीन. मी पायी बी जातो. पण अ‍ॅम्बुलन्स काय मी पाठीवर आणू? तू दिवाळीत केलं होतं तसं करून दे.’

स्वीटीनं वायर पुन्हा लावली. रागारागात दोनदा वायर सुटली. तिसऱ्यांदा नीट बसली आणि फोनाचा पडदा काळा झाला.

‘फोन आता थोडा वेळ बंद राहीन,’ ती म्हणाली. ‘मॅडम लावत बसन.’

‘लावू दे,’ यशोदाबाई म्हणाल्या. ‘थे बाई बोलते ना फोनात, संपर्क क्षेत्राच्या बाहेर हाये म्हणून, थे तिलेबी आयकू दे एकडाव. आमी लय वर्सं आयकलं.’