शिकागोकरचा बॉल

"बाबा, टाकू नका! बाबा, ठेवा तो, खिशात ठेवा... अहो बाबा!"

हे बोंबलणं आमच्या शिकागोकरचं. वय पन्नाशीला टेकलेलं, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर, डाव्या हातात सुपाएवढा चामड्याचा ग्लोव्ह, आणि उजव्या हाताने तो पुढच्या रांगेतल्या आपल्या वडिलांचा शर्ट पकडायला बघतोय. वडिलांच्या हातात बेसबॉलचा बॉल. बॉल नुकताच आभाळातून उतरलेला. आजूबाजूला पश्चिम सिडनीतलं एक छोटंसं मैदान आणि जानेवारीचं असं ऊन, की बाकावर कोणी पापड ठेवला असता तर भाजून मिळाला असता. वडिलांनी बॉल पँटला दोनदा पुसला, शिवण बोटांत बसवली आणि हात मागे नेला.

तो हात जरा तसाच मागे राहू दे. शिकागोकर का ओरडत होता हे कळल्याशिवाय पुढची मजा नाही.

शिकागोकर हे त्याचं आडनाव नव्हे. सिडनीला यायच्या आधी तो काही वर्षं शिकागोत प्रोजेक्टवर होता. तिकडे गेलेल्या बाकीच्यांना ग्रीन कार्डाची लागण होते, याला बेसबॉलची झाली. वीकेंड आला की हा विमान, बस, मिळेल ते पकडून दुसऱ्या शहरातलं मैदान बघायला जायचा. मग तो इथे आला, पेंडल हिलला आमच्या मागच्या गल्लीत घर घेतलं, आणि दर शनिवारी संध्याकाळी त्याच्या अंगणात बार्बेक्यूभोवती आमची बैठक बसू लागली. एका बाजूला मक्याची कणसं भाजायची आणि दुसऱ्या बाजूला मैदानं.

"आमच्या शिकागोला," तो कणीस फिरवत म्हणायचा, "मागच्या भिंतीवर सगळा वेल चढवलाय. बॉल वेलीत अडकला की खेळ थांबवतात."

"ते काहीच नाही," मी म्हणायचो. "मी डार्विनला होतो ना, तिथे मैदानाच्या कडेला मगर येऊन पडायची. बॉल तिकडे गेला की फील्डर जागचा हलायचाच नाही. अंपायर सरळ चार रन द्यायचा. मगरीने तोंड उघडलेलं असेल तर सहा."

"सॅन फ्रान्सिस्कोला बॉल थेट पाण्यात जातो. लोक छोट्या होड्या घेऊन टपून बसतात."

"डार्विनला पावसाळ्यात मैदानच पाण्यात असतं. लाँग ऑनला मी स्वतः पोहत गेलोय."

"तू तिथे हॉस्पिटलच्या आयटीत होतास. मैदानावर कधी गेलास?"

"माझ्या खिडकीतून दिसायचं."

"त्याने डार्विनची मगर फक्त फ्रिजच्या मॅग्नेटवर बघितली आहे," माझी बायको काकडी चिरता चिरता म्हणायची. तिला क्रीडाक्षेत्राविषयी आस्था नाही. मी खोटं बोलत नाही, एवढं मला इथे नोंदवू द्या. खरी गोष्ट मी तेलात सोडतो. आता ती फुगली तर त्याला मी काय करू?

शिकागोकरचं मात्र सगळं खरं असायचं, आणि म्हणूनच कंटाळवाणं. कुठल्या मैदानाच्या पायऱ्या उभ्या, कुठला हॉट डॉग मऊ, कुठे बाथरूमची रांग इतकी लांब की माणूस दुसऱ्या राज्यात उभा राहतो (हे माझं). पण प्रत्येक मैदानाची कहाणी तो एकाच वाक्यावर आणून संपवायचा. आवाज खाली घ्यायचा, कणीस बाजूला ठेवायचा, आणि म्हणायचा, "पण बॉल काही आला नाही."

त्याचं असं आहे. बेसबॉलमध्ये फटका चुकला की बॉल मागे किंवा बाजूला, प्रेक्षकांत उडतो. त्याला म्हणायचं फाउल बॉल. आणि नियम असा की ज्याने झेलला त्याचा तो झाला. घरी न्यायचा, नातवंडांना दाखवायचा. कोणी परत मागत नाही. शिकागोकर अमेरिकेतली निम्मी मैदानं हिंडला, ऑस्ट्रेलियातली होती नव्हती ती सगळी हिंडला, दर वेळी तो सुपाएवढा ग्लोव्ह घालून, आणि त्याच्या वाट्याला एक बॉल आला नाही. हा उजवीकडे बसला की बॉल डावीकडे जायचा. हा डावीकडे बसला की बॉल शेजाऱ्याच्या बिअरमध्ये पडायचा. घरी शोकेसमध्ये गणपती आणि चिनी मातीच्या कोआलाच्या मधे त्याने त्या बॉलसाठी काचेची चौकोनी पेटी आणून ठेवली होती, खाली छोटा लाइट. वर्षानुवर्षं तो लाइट रिकाम्या जागेवर पडायचा. एकदा पाहुणे येणार म्हणून वहिनींनी त्यात एक लिंबू ठेवलं, तर हा दोन दिवस जेवला नाही.

"विकत घे ना एखादा," मी एकदा म्हटलं. "मैदानाबाहेरच्या दुकानात ढीग असतात."

"तू मॅरेथॉनचं मेडल विकत घेतोस का?"

मी कणसाला मीठ लावलं. माझ्याकडे एक आहे.

शेवटी यंदा वहिनींनी निकाल लावला. सीझन संपेपर्यंत बॉल आला तर आला. नाही आला तर काउन्सिलची गाडी घरोघरचं भंगार उचलायला येते त्या क्लीन-अपच्या दिवशी ग्लोव्ह आणि काचेची पेटी दोन्ही फुटपाथवर, जुन्या गादीशेजारी. शिकागोकरने हे मान्य केलं. माणूस शब्दाचा पक्का, हीच त्याची अडचण.

मग तो कामाला लागला. त्या पश्चिमेकडच्या छोट्या मैदानावर प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे आईबाप, दोन कुत्रे आणि एक पेंगणारा म्हातारा. बॉल जास्त, माणसं कमी. शिकागोकर लॅपटॉप घेऊन सामने बघत बसला, कुठल्या बाकावर किती बॉल पडतात त्याचा त्याने रंगीत नकाशा बनवला, आणि सीझनच्या शेवटच्या सामन्याला आम्ही तिसऱ्या बेसच्या बाजूला, जाळी संपते तिथे, नकाशावर सगळ्यात लाल असलेल्या जागी जाऊन बसलो. मी, शिकागोकर, आणि पुढच्या रांगेत त्याचे वडील.

काका मिरजेचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, दोन-अडीच महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. बोलणं मोजकं. तरुणपणी कॉलेजच्या टीममध्ये स्लिपला उभे राहायचे असं ऐकून होतो. मांडीवर चटणी सँडविचचा डबा, डोक्यावर मुलाची टोपी, आणि नजर मैदानावर, साइटवर काम बघायला आलेल्या साहेबासारखी.

"हा मारून पळत का नाही?" त्यांनी विचारलं.

"फाउल आहे, बाबा," शिकागोकर मागून म्हणाला.

"एवढा लांब मारला तरी?"

"मागे गेला ना. तो धरत नाहीत."

"आमच्याकडे धरला असता."

मी त्यांना समजावलं की बेसबॉल म्हणजे आपल्या विटीदांडूचाच थोरला भाऊ, शिकायला अमेरिकेला गेला आणि तिकडेच राहिला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, डबा उघडला आणि एक सँडविच माझ्या हातात दिलं. मला वाटतं, माझं तोंड बंद राहावं म्हणून.

आणि तेवढ्यात तो बॉल आला.

फटका लागल्याचा आवाज झाला, बॉल उंच गेला, सूर्यात शिरला, बाहेर आला, आणि सरळ आमच्याकडे निघाला. लाल रंगाच्या बरोबर मध्यावर. शिकागोकर उठला. ग्लोव्ह वर. चेहरा असा की जणू गाभाऱ्याचं दार उघडलंय. मी स्वतः श्वास रोखून धरला होता, आणि माझ्या ओळखीतला कोणीही सांगेल की हे सोपं काम नाही. बॉल आला, आला, आणि शेवटच्या क्षणी आमच्या पुढ्यातल्या लोखंडी कठड्यावर आपटून भलत्याच दिशेने उसळला. काकांनी डबा बाकावर ठेवला, उठले, दोन्ही उघडे हात छातीशी नेले आणि बॉल असा अलगद घेतला, की चटणीचा एक थेंबही सांडला नाही.

आईबाप ओरडले, कुत्रे भुंकले. शिकागोकरच्या तोंडावर तर दिवाळी. झेलला कोणी का असेना, बॉल घरात आला. वडिलांचा झेल, म्हणजे पेटीत ठेवायला आणखीच छान.

मग त्याने वडिलांना बॉल पँटला पुसताना पाहिलं आणि त्याचा रंग उतरला. मिरजेला यांचं घर तळमजल्यावर, समोर मोकळी जागा. कॉलनीतल्या पोरांचा बॉल रोज यांच्या गॅलरीत. "बॉल द्या, काका" अशी हाक आली की बाकीच्या बिल्डिंगमधले काका लोक बॉल जप्त करायचे, कापायचे, आईवडिलांना बोलवायचे. हे काका जेवणावरून उठायचे, खरकट्या हाताने नको म्हणून डाव्या हाताने बॉल परत फेकायचे आणि पुन्हा जेवायला बसायचे. शिकागोकरने हे लहानपणभर पाहिलं होतं. आता कळलं ना तो का ओरडला?

तर तो हात, जो आपण मागे ठेवला होता, पुढे आला.

काय थ्रो होता. मी मेलबर्नला, ॲडलेडला, पर्थला भलेभले थ्रो पाहिलेत, आणि ते सगळे त्या दिवशी फिके पडले. खांद्याच्या उंचीने निघाला, वळला नाही, डगमगला नाही, एक टप्पा घेऊन थेट कॅचरच्या हातात. बेसबॉलच्या कॅचरच्या, पण काकांच्या हिशेबी विकेटकीपरच. इकडे अंपायरने पिचरला, म्हणजे त्यांच्या बोलरला, नवा बॉल देऊनही टाकला होता. मैदानात दोन बॉल झाले. सगळे जागच्या जागी उभे. अंपायरने कॅचरकडे पाहिलं, कॅचरने आमच्याकडे पाहिलं, आणि मग जे मूठभर लोक होते ते उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. माइकवरचा माणूस म्हणाला, या अंकलना कोणीतरी टीममध्ये साइन करा रे. काकांनी एक हात किंचित वर केला आणि सँडविच जिथे सोडलं होतं तिथून पुढे खायला घेतलं.

शिकागोकर बसला. ग्लोव्ह मांडीवर.

"अरे, अजून येतील," मी म्हटलं. "अख्खा सामना बाकी आहे."

आले की. पाऊस पडला बॉलचा. एक त्या पेंगणाऱ्या म्हाताऱ्याच्या मांडीत पडला, तो उठलादेखील नाही. एक कुत्र्याने नेला. एक बाबागाडीत पडला, आणि मी शपथेवर सांगतो, आतल्या बाळाने तो झेलला. आमच्या लाल जागेकडे एकही नाही.

मग शेवटचा डाव संपताना तो कॅचर, पोरगेलासा, ताडमाड उंच, आत जाता जाता आमच्यासमोर थांबला. काकांकडे बोट केलं, टोपीला हात लावला आणि खालून, हळूच, एक बॉल त्यांच्याकडे उडवला. भेट.

"काका," मी घाईने म्हणालो, "हा तुमच्यासाठी आहे हं. त्याने दिलाय."

काकांनी झेलला. "थँक यू," म्हणाले. बॉल पँटला पुसला. आणि परत टाकला.

कॅचरला वाटलं, काका खेळतायत. त्याने हसून पुन्हा फेकला. काकांनी पुन्हा झेलला, पुन्हा परत. तो आणखी दोन पावलं मागे गेला, काकांनीही थ्रो लांबवला. लोक प्रत्येक थ्रोला ओरडायला लागले. आणि शिकागोकर मागच्या रांगेत, मान इकडून तिकडे. काय झालं असेल नसेल, एका क्षणी तो उठला, कठड्याशी गेला आणि त्याने ग्लोव्ह वर केला. वडिलांचा पुढचा थ्रो त्याच्या कानाजवळून जाणार होता. नुसतं मनगट वळवायचं होतं, बॉल त्याचा. इतक्या वर्षांची वणवण तिथे संपली असती.

त्याने ग्लोव्ह खाली घेतला. थ्रो गेला.

कॅचरला आतून हाक आली. त्याने बॉल मागच्या खिशात टाकला, काकांना वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि तो पळाला. सीझन संपला.

परतताना गाडीत मीच बोलत होतो. एम-फोर हायवेला ट्रॅफिक होतं, विषय भरपूर होते. मी काकांना विचारलं, मैदान कसं वाटलं? काका म्हणाले, चांगलं आहे, मिरजेला सावली जास्त असते.  शिकागोकरने गाडी हॅरिस पार्कला, आपल्या देशी दुकानांच्या वस्तीत, वळवली, आम्ही एका मिठाईच्या दुकानात जाऊन बसलो. काकांनी चहाचा कप उचलला आणि लगेच खाली ठेवला. तेव्हा आम्हाला त्यांचा तळहात दिसला. लाल झालेला, पुरीसारखा सुजलेला. शिकागोकरने काउंटरवरून ग्लासभर बर्फ आणला, रुमालात बांधला, वडिलांचा हात आपल्या हातात घेतला आणि शेकायला लागला. बराच वेळ शेकत होता. 

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "मी एवढा ओरडत होतो मागून. तुम्हाला ऐकू नाही का आलं?"

"आलं की," काका म्हणाले. "पण बॉल त्यांचा होता."