केरे आणि केर

आमच्या मैसुरी मराठीत तळ्याला तळं कोण म्हणतंय? केरे म्हणायचं. शब्द कन्नड, पण घरात इतका रुळलेला की तो दुसऱ्या भाषेतला आहे हे माझ्या कधी मनातही आलं नाही.

निसर्ग केंद्रामागची केरे आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून सावरली होती. काठाला पाणकणसं लावली, त्यात जांभळी पाणकोंबडी घरटं करायला लागली. केंद्राच्या दालनात काठावरच्या जीवांची चित्रं, आणि मधोमध मोठी खिडकी. आधी चित्र बघा, मग खरं बघा. केंद्राच्या अध्यक्षांच्या मात्र तो काठ डोळ्यांत खुपायचा. "जंगल माजलंय रीऽ! दगड बसवूया, बाकं टाकूया," हे त्यांचं पालुपद. मी हटून बसले होते. दगड बसले की पाणकोंबडी गेलीच म्हणून समजा.

त्यात मला लेकीकडं बेंगळूरला जावं लागलं. रविवारी आमच्या मैसूरच्याच हेब्बाळ भागातल्या एका कंपनीतली माणसं श्रमदानाला येणार होती. केंद्रात नव्यानं येणारी एक बाई साताऱ्याची, नवऱ्याच्या नोकरीपायी इथं आलेली. मराठी बोलणारं माणूस, मला केवढा आधार! तिला फोनवर सांगितलं, "केरेकडं नीट लक्ष द्या हं. हयगय नको."

तिनं ऐकलं, केराकडं.

सोमवारी येऊन बघते तर काठ अंगणासारखा चकाचक. औषधाला एक पाणकणीस नाही. पाणकोंबडी उघड्या चिखलात इकडून तिकडं फिरत होती. मला रडूच फुटलं, आणि पाठोपाठ असा संताप आला की विचारू नका.

"अय्यो, काय करून बसलात हो हे?"

"काकू, तुम्हीच म्हणालात ना, केराकडं लक्ष द्या म्हणून? श्रमदानवाल्यांकडून सगळं उपटून घेतलं." ती पांढरीफटक.

आता भांडून काय ते उगवणार होतं? उपटलेला ढीग भिंतीशी पडला होता, गड्डे अजून ओले होते. मी पदर खोचला, तिनं सलवार वर चढवली, दोघी उतरलो चिखलात.

तेवढ्यात अध्यक्ष गवंड्याला घेऊनच हजर. "साफ झालंच आहे, तर..."

"दसऱ्यापर्यंत थांबा," मी म्हटलं.

"नाही फुटलं तर?"

"परत लावू."

"तेही मेलं तर?"

"तुमचे दगड काय पळून चाललेत?" गुडघाभर चिखलातून सातारकरीण कडाडली. अध्यक्षांनी गवंड्याला परत पाठवलं. दसऱ्याची मुदत मिळाली.

आम्ही रोज गेलो. बरेच गड्डे कुजले, त्या जागी दुसरे लावले. दसऱ्याच्या सुट्टीत मुलं केंद्र बघायला आली तेव्हा जेमतेम निम्मा काठ हिरवा झाला होता. अध्यक्ष खिडकीशी उभे, कपाळावर आठ्या. मीही शेजारी जाऊन बाहेर बघायला लागले.

पाणकोंबडीनं वाळकी काडी चोचीत धरून कोवळ्या पात्यांत नेली. ठेवली. दुसरी आणायला परत गेली.

अध्यक्षांनी खिशातून फोन काढून गवंड्याला लावला.

"कल्लु बेडप्पा," ते म्हणाले; म्हणजे, दगड नकोत बाबा. "इथं घराचं बांधकाम चाललंय."