भट्टीच्या दारापर्यंत

नदीकाठच्या दोन किलोमीटरना पाच तास लावणारा माणूस उभ्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब. मामांची उमेदीची सगळी वर्षं काजळी नदीकाठच्या कौलांच्या कारखान्यात भट्टीवर गेली. कारखाना बंद पडून जमाना झाला, छपरं गेली, भट्टीवर रान माजलं, पण मे महिन्यात मुंबईकर नातेवाईक आंबे खायला उतरले की मामांनी जाहीर केलंच, "उद्या सगळ्यांनी चालायला यायचं. सोप्पी वाट हाय. पोरंटोरं, म्हातारी, सगळी चालतील."

चालतीलही, पण मामांनी चालू दिलं तर ना! मातीच्या खड्ड्याशी तासभर उभं करायचे. पुढे वाळवणीची शेड. तिथे आता ना छप्पर ना कौल, तरी बायकोच्या मावशींनी पाण्याची बाटली उघडताच मामा ओरडले, "हयसर पाणी नको, कच्चा माल भिजंल!" एकदा तर कौलावरचा कारखान्याचा छाप दाखवायला ते परक्याच्या गोठ्यावर चढले. मालकिणीने आमच्यावर कुत्रा सोडला. आम्ही जीव घेऊन पळतोय आणि वरून मामा, "थांबा वो, छाप बघून जावा!"

आपल्यामागे ही भट्टी सांगणारं घरात कोणीतरी असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण एकेक उमेदवार गळत गेला. यंदा कोणाचं पोट बिघडलं, कोणी परस्पर गुहागरला पळालं. मी रत्नागिरीतच राहतो, पळून जाणार कुठे? बारा वर्षं हेच ऐकून मी कंटाळलो होतो, खरं सांगायचं तर विटलो होतो.

आम्ही दोघंच भट्टीशी पोचलो तेव्हा मामांना धाप लागली होती. एका चिऱ्यावर बसत ते म्हणाले, "जावईबुवा, यंदा तुम्ही सांगा."

मी सुरुवात केली आणि माझं मलाच नवल वाटलं. कौलं उभी कशी रचायची, पहिल्या दिवशी जाळ मंद का ठेवायचा, सगळं तोंडातून आपसूक येत होतं. मामा डोळे मिटून ऐकत होते. "बरं सांगता," ते म्हणाले. "जरा लांबण लावता, येवढंच."

मग भट्टीच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "हाक राहिली." दार मातीने लिंपून बंद करण्याआधी आत कोणी गडी राहिला नाही ना, म्हणून तीनदा हाक द्यायची पद्धत होती. ती दरवर्षी मामाच देत. मला संकोच वाटला. इकडेतिकडे बघून मी काळोख्या भट्टीत तोंड घातलं आणि तीनदा विचारलं, "कोण हाय काय आत?"

मामा कान देऊन बसले होते. मला वाटलं, आता हसतील. त्यांच्याबरोबरचे सगळे गडी एकेक करून गेले, हे मला माहीत होतं. पण ते जाणवलं तिथे, त्या शांततेत. फार वाईट वाटलं.

"कोण नाय ऱ्हायलं," मामा हळूच म्हणाले. "लिंपा दार."

मी खाली वाकलो आणि ओंजळभर माती घेऊन दाराच्या कडेला लावली.