डाउनमायर घराण्यातले कप्तान

हॉलंडमधल्या अपेलडोर्नला साइब्रांट डाउनमायरचं फर्निचरचं दुकान होतं, आजोबांपासून चालत आलेलं. समुद्र तिथून चांगलाच लांब. पण गिऱ्हाइकाला कपाट दाखवतानाही साइब्रांट "आम्ही मूळचे दर्यावर्दी" असं ऐकवल्याशिवाय राहायचा नाही. पणजोबा जहाजाचे कप्तान होते, असं त्याला वडिलांनी सांगितलं होतं. वडिलांना कुणी सांगितलं, हे विचारायची घरात पद्धत नव्हती. होडीत पाय ठेवला की साइब्रांटला मळमळायचं, ती गोष्ट वेगळी.

सदुसष्टाव्या वर्षी दुकान विकून मोकळा झाल्यावर त्याने बायको नेलेके आणि मुलगी फेना यांना पूर्वजांचा किनारा दाखवायचं ठरवलं. डेन हेल्डरपासून दक्षिणेकडे, गावोगाव, सायकलवरून. मायलेकींनी बॅटरीच्या सायकली घेतल्या. याने साधी घेतली.

"कप्तानाच्या रक्ताला बॅटरी लागत नाही," तो म्हणाला.

"रक्ताला नसेल लागत. गुडघ्यांचं काय?" नेलेकेने विचारलं.

वारा सगळा तोंडावर. मायलेकी गप्पा मारत पुढे जायच्या, बाकावर बसून थर्मासमधली कॉफी प्यायच्या आणि हा धापा टाकत पोचला की उठायच्या.

कालान्टसोख गावी चर्चच्या आवारातले थडग्यांचे सगळे दगड त्याने वाचून काढले. कप्तान काही सापडेना. शेवटी नवऱ्याच्या थडग्यावरची फुलं बदलायला आलेल्या म्हातारीला त्याने गाठलं. नील्चे तिचं नाव, नव्वदी उलटलेली, कान मात्र शाबूत.

"मावशी, डाउनमायर कप्तानांना इथे कुठे पुरलंय?"

"डाउनमायर? ते आमच्या आईचे शेजारी. कप्तान कसले रे, कप्तान बुडायची वाट बघत बसायचे ते."

"म्हणजे?"

"वादळ झालं की उजाडायच्या आत गाडा घेऊन किनाऱ्यावर हजर. फुटलेल्या जहाजातून जे वाहून येईल ते यांचं. एकदा नुसत्या खुर्च्याच खुर्च्या आल्या. पोलीस यायच्या आत उचलल्या आणि तिकडे समुद्रापासून लांब, आत कुठेतरी नेऊन विकल्या. तिथेच जम बसला म्हणे. आमच्या आईने पाहिलं म्हणून तिला एक दिली, तीही लंगडी."

"बाबा," फेना हळूच म्हणाली, "आपलं दुकान."

नेलेके इतकी हसली, की तिला एका परक्या थडग्याच्या कडेवर टेकावं लागलं.

पुढच्या गावी, पेटनला, साइब्रांट सायकलवरून उतरला. तिथे त्याने बायकोची बॅटरीची सायकल मागून घेतली.

"आणि रक्त?" तिने विचारलं.

"दे म्हटलं ना."

त्या दिवशी पहिल्यांदाच तो सगळ्यांच्या पुढे होता.

संध्याकाळी एखमोंडला हेरिंग मासळीच्या गाडीपाशी एका जर्मन जोडप्याने सहज विचारलं, तुम्ही इकडचेच का. साइब्रांटने पाठ ताठ केली.

"इकडचेच. घराण्याचा लाकडी सामानाचा धंदा. माल समुद्रमार्गे यायचा."

नेलेकेने घाईघाईने हेरिंगचा मोठा घास तोंडात कोंबला.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. कप्तानाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. पण वादळाचा अंदाज आला, की हा बॅग भरून कालान्टसोखची वाट धरतो आणि पहाटे ओल्या वाळूत मान खाली घालून फिरतो. आतापर्यंत मासळीचे दोन क्रेट आणि एक डावा बूट मिळालाय.

शेजारीपाजारी चौकशी करतात, तेव्हा नेलेके सांगते, "धंद्यावर गेलाय."